जुनं आउटबोर्ड इंजिन घरच्या घरी कसं चालू करायचं, पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

सोलापुरात कुणाला सांगितलं की मी होडीचं जुनं इंजिन दुरुस्त करतोय, तर पहिला प्रश्न येतो, समुद्र कुठंय इथं? समुद्र नाही पण उजनी आहे की. करमाळा, माढा, इंदापूर एवढ्या लांबपर्यंत बॅकवॉटर पसरलंय, तिथं मच्छीमारांच्या होड्या आहेत, माणसं पलीकडं नेणाऱ्या होड्या आहेत. आणि जुनी इंजिनं कोकणातून येतात, मालवण-रत्नागिरीकडं मासेमारीला वापरून टाकून दिलेली, नाहीतर मुंबईच्या दारुखान्यातल्या भंगारातून. आपल्याकडं आलं की वर्षानुवर्षं कुणाच्या तरी शेडमध्ये पोत्याखाली पडून असतं, आणि मग एक दिवस ते तुमच्या हातात पडतं.

तर हे त्यांच्यासाठी, ज्यांनी आउटबोर्ड आयुष्यात कधी उघडलं नाही पण लुना, चेतक, राजदूत नाहीतर आरएक्स हंड्रेडचा प्लग काढून साफ केलाय. तुम्हाला निम्मं काम येतंय असं समजा. जुनं आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं टू-स्ट्रोक इंजिन, उभं बसवलेलं, भोवती पाणी फिरवून थंड केलेलं, आणि खाली एक छोटा गिअरबॉक्स. फक्त क्रम सोडायचा नाही. कॉम्प्रेशन, मग स्पार्क, मग पेट्रोल, मग पाणी, मग खालचा गिअर, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, आधी घासून पुसून रंग मारतात, फोटो टाकतात, आणि मग कळतं की पिस्टनच जाम आहे. इंजिन पाण्यात व्यवस्थित चाललं पाहिजे, चमकायचं नंतर बघू.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण इंजिन घरी आणल्या आणल्या पहिल्या तासातच लोक हे करतात. दोरी ओढून चालू होतंय का बघू नका. कोरडं अजिबात चालवायचं नाही, अर्धा मिनिटसुद्धा नाही. आत पाण्याचा पंप रबराच्या पंख्यावर चालतो, त्याला इंपेलर म्हणतात, पाणी नसलं की तो घासून फाटतो आणि त्याचे तुकडे वरच्या पाण्याच्या वाटांमध्ये जाऊन बसतात. वीस-तीस वर्षं पडून राहिलेलं इंजिन असेल तर आतला गंज सिलिंडरवर ओरखडे पाडतो ते वेगळंच.

घेण्याआधी काय बघायचं

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हातानं फिरवून बघा, फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. नाही फिरलं तरी लगेच सोडू नका, किंमत मात्र भंगाराचीच द्या. खालच्या गिअरच्या डब्याला कुठं तडा आहे का, वेल्डिंग केलंय का, पाण्यातल्या पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट वाकलाय का हे बघा, कारण वरचं इंजिन दुरुस्त होतं पण खालचं कास्टिंग फुटलं असेल तर त्याला दुसरं इंजिन शोधावं लागतं. खाऱ्या पाण्यात चाललेलं असेल तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते, म्हणजे बोल्ट आत चिकटलेत, जास्त दिवस धरून चाला.

शाफ्टची लांबी मोजा. साधारण १५ इंच आणि २० इंच असे दोन प्रकार असतात, तुमच्या होडीची मागची फळी जेवढी उंच त्याप्रमाणे लागतं. चुकीचं घेतलं की एकतर पंखा हवा कापतो नाहीतर उगाच खोल जातो.

मग पाटी वाचा, मॉडेल नंबरची. जॉन्सन आणि इव्हिनरूड ही अमेरिकन इंजिनं सगळ्यात जास्त अभ्यासली गेलीत त्यामुळं नवख्याला तीच सोपी. ओले इव्हिनरूडनं १९०९ मध्ये धंदा सुरू केला, जॉन्सन नंतर आली, पुढं दोन्ही एकाच कंपनीखाली गेल्या म्हणून पन्नाशीच्या दशकातले दोघांचे बरेच पार्ट सारखे आहेत. ती मूळ कंपनी २००० च्या शेवटी दिवाळखोरीत गेली तरी पार्ट अजून मिळतात, दुसऱ्या कंपन्या बनवतात, बाहेरून मागवायचे आणि कस्टमचा हिशोब धरायचा. १९८० नंतरचं इंजिन असेल तर मॉडेल नंबरातल्या अक्षरांवरून साल निघतं, त्यासाठी इंट्रोड्यूसेस हा दहा अक्षरांचा इंग्रजी शब्द वापरतात. आय म्हणजे १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस म्हणजे ०. नंबरात शेवटच्या अक्षराआधी सी-आर असेल तर ८४ सालचं. यामाहाचं पहिलं आउटबोर्ड १९६० चं. यामाहा, सुझुकी अशी जपानी इंजिनं असतील तर मेट्रिक पाने चालतात. ब्रिटिश सीगल असेल तर सगळंच वेगळं, साधं आणि दणकट मशीन आहे पण नट-बोल्ट इंग्लिश मापाचे.

मी खाली जे आकडे देतोय ते पन्नाशीतल्या जॉन्सन सी-हॉर्स जातीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे धरा. १९४९ साली त्यांनी दहा हॉर्सपॉवरचं क्यूडी काढलं, त्यात फॉरवर्ड-न्यूट्रल-रिव्हर्स गिअर आणि वेगळी टाकी आली, शिकायला असलं इंजिन मिळालं तर नशीब समजा. दुसरी कंपनी असेल तर क्रम हाच, आकडे तुमच्या मॅन्युअलमधले.

आटे आणि माप

हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर नंतर लई त्रास होतो. अमेरिकन इंजिनाला इंची आटे असतात, यूएनसी म्हणतात. आपल्याकडं यंत्रमागाची कामं करणाऱ्या जुन्या लेथवाल्यांकडं इंची टॅप-डाय मिळतात पण ते व्हिटवर्थचे. पाव इंचाला दोन्हीचे इंचात २० आटे, ५/१६ ला दोन्हीचे १८, ३/८ ला १६, त्यामुळं बोल्ट फिरतो आणि माणूस समजतो बसला. पण आट्याचा कोन वेगळा आहे, व्हिटवर्थचा ५५ अंश आणि अमेरिकन ६० अंश. ॲल्युमिनियममध्ये तो बोल्ट जोरात आवळला की आटे जातात. अर्ध्या इंचाला तर आट्यांची संख्याच वेगळी, १२ आणि १३. लेथवाल्याला तोंडी सांगू नका, जुना बोल्ट नमुना म्हणून हातात द्या आणि यूएनसीच पाहिजे असं स्पष्ट सांगा.

स्टँड आधी बनवा. वेल्डरकडून अँगलचं करून घ्या नाहीतर दोन जाड फळ्या आडव्या मारून घरीच करा, वर इंजिनाचा क्लॅम्प पकडेल अशी दीड इंच जाडीची फळी पाहिजे. जमिनीवर आडवं ठेवून काम करू नका, आतलं उरलेलं पाणी सिलिंडरकडं जातं.

उघडताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, चारी बाजूनं, वायर कुठून कुठं गेलीय ते दिसलं पाहिजे. बोल्ट प्लास्टिकच्या पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. दोरीच्या स्टार्टरची स्प्रिंग उघडताना डोळ्याला चष्मा लावा आणि घरातली पोरं लांब ठेवा, ती गुंडाळलेली पत्र्याची पट्टी सुटली की तोंडावर येते.

अडकलेले बोल्ट ही सगळ्यात संयमाची जागा आहे. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसला की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि दोन्ही एक होतात. भेदक तेल मारा, रात्रभर सोडा, दुसऱ्या दिवशी बोल्टच्या भोवतालचं कास्टिंग हीट गननं गरम करा, परत तेल, परत वाट बघा. उलटं सोडण्याआधी थोडं घट्ट करायच्या दिशेनं हलवून बघा, कट् असा आवाज आला की सुटायला लागला. बोल्ट पिळ खातोय असं हाताला जाणवलं की तिथंच थांबा. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला अर्धा दिवस जातो आणि थांबायला फक्त एक रात्र.

पिस्टन जाम असेल तर

दोन्ही प्लग काढा, भोकातून ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून थोडं थोडं ओता. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळं उघड्यावर, आणि बिडी-सिगारेट, गॅस, वेल्डिंग काहीच जवळ नको. चार दिवस, आठ दिवस भिजू द्या, रोज थोडं वाढवा. मग फ्लायव्हील हातानं मागं-पुढं, मागं-पुढं, जोर न लावता. दोरी ओढायची नाही आणि पिस्टनवर वरून हातोडी तर कधीच नाही. सुटला की परत तेल घालून सावकाश पूर्ण फेरे फिरवा, मग प्लगच्या भोकातून टॉर्च मारून सिलिंडरच्या भिंती बघा. नखाला लागेल एवढा ओरखडा असेल तर हेड काढावं लागणार, रिंगा बघाव्या लागणार.

फिरायला लागलं की कॉम्प्रेशन. गेज टू-व्हीलरच्या कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडं असतो. दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, दोरी चार-पाच वेळा जोरात ओढा. या जातीच्या जुन्या इंजिनाला ६० ते ९० पीएसआय आलं तरी ते छान चालतं, आताच्या बाईकचे आकडे डोक्यात ठेवून घाबरू नका. आकड्यापेक्षा दोन सिलिंडर एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं, १० टक्क्यांच्या आत. एक ८० आणि दुसरा ४५ असेल तर पुढं एक रुपयाही खर्च करण्याआधी हेडचं गॅस्केट आणि रिंगा बघा.

स्पार्क

इथं वेळ द्या. जुनं आउटबोर्ड चालू होत नाही याची कारणं मोजली तर बहुतेक याच फ्लायव्हीलखाली सापडतात.

फ्लायव्हील काढायला पुलर लागतो. मधल्या भागात तीन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात बोल्ट घालून ओढायचं. जाड पट्टीला तीन भोकं आणि मध्ये एक आट्याचं भोक, एवढंच काम, लेथवाला करून देतो. बाहेरच्या कडेला पकडून ओढायचं नाही, कडेवर हातोडीही नाही, आत चुंबक आहेत आणि कड वाकली की फ्लायव्हील कायमचं डुगडुगतं. पुलरवर ताण देऊन ठेवा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक नेमका ठोका द्या, फाट् करून सुटतं. खालची छोटी चावी, म्हणजे वुडरफ की, हरवू नका.

आत दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. पन्नाशीतल्या या कॉइलचं वरचं आवरण हमखास तडकलेलं असतं, तडा दिसला की मल्टिमीटर लावत बसू नका, बदला. नवीन कॉइल ५८४४७७ या नंबरानं मागवली की मिळते, त्या काळातल्या जॉन्सन-इव्हिनरूडच्या कितीतरी इंजिनांना हीच बसते. बसवताना कॉइलच्या लोखंडी टोकांची कड प्लेटवरच्या मशिन केलेल्या कडेशी बरोबर जुळवा, बोट फिरवून बघा. बाहेर आली तर फ्लायव्हील घासतं, आत गेली तर स्पार्क मंदावतो.

पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं हलके साफ करा, मग ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढा. हे शेवटचं लोक विसरतात, हाताचं तेलकट बोट लागलं तरी पॉइंट काम करत नाहीत. गॅप ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, फिलर गेजनं, आणि पॉइंटचा पाय कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर असतानाच मोजायचा. कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवला पाहिजे, पण जुना असेल तर तसाही बदला, स्वस्त पार्ट आहे. प्लगच्या वायरी आत तांब्याची तार असलेल्याच घ्या, आताच्या गाड्यांच्या कार्बनवाल्या इथं चालत नाहीत. प्लग चॅम्पियन जे-६-सी, गॅप ०.०३० इंच.

आता फ्लायव्हील परत. शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही एकदम कोरडं पुसा, ग्रीस लावायचा मोह टाळा, ती पकड कोरड्या धातूची असते. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. ढिला राहिला की चावी कापली जाते आणि टायमिंग बिघडतं. मग स्पार्क टेस्टर लावून दोरी ओढा, ६ मिलिमीटरची उडी मारणारी निळी ठिणगी दोन्हीकडं आली पाहिजे. पिवळी, बारीक, कधी येते कधी नाही, तर परत पॉइंटवर या.

ज्यांना हे सगळं पहिल्यांदा एकट्यानं करायला भीती वाटते त्यांनी एखाद्या जुन्या आरएक्स-राजदूतवाल्या मेकॅनिककडं फक्त मॅग्नेटोची प्लेट घेऊन जा. काय ओ, हे कशाचं आणलाव, असं विचारतील, पण पॉइंट-कंडेन्सर बघितलं की हात आपोआप चालतात त्यांचे. ही पिढी आता वर्कशॉप बंद करायला लागलीय, इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये त्यांच्या हातातलं ज्ञान कुणी विचारत नाही, त्यामुळं शेजारी बसून शिकून घ्या.

पेट्रोल

कार्बोरेटर पूर्ण उघडा. आतला जुना पेट्रोलचा चिकट थर कार्ब क्लीनरनं काढा, जेटच्या भोकात स्टीलची पिन घालू नका, भोक मोठं होतं. बारीक तांब्याच्या वायरची एक तार पुरते. फ्लोट बुचाचा असेल तर तो बदलायचा हे धरूनच चला, कारण त्याच्यावरचं वॉर्निश इथेनॉलमध्ये विरघळतं आणि बूच पेट्रोल पिऊन जड होतं, मग कार्बोरेटर ओसंडून वाहायला लागतो. नीडल, गॅस्केट किटमध्ये येतात. स्क्रूची सुरुवात अशी करा, मंद गतीचा साधारण दीड फेरा बाहेर, जास्त गतीचा पाऊण ते एक फेरा. पूर्ण आत बसवताना हलक्या हातानं, नीडलचं टोक चेपलं की सेटिंग होतच नाही.

आपल्याकडं पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या रबराला ते सोसत नाही, त्यामुळं सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जास्त ओढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं आणि नेमकं तेच कार्बोरेटरमध्ये जातं. उपाय साधा आहे. जेवढं लागेल तेवढंच मिक्स करा, उरलेलं आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका.

ऑइलचं प्रमाण इंजिनावर ठरतं. या पन्नाशीतल्या इंजिनांना २४ ला १ द्या, म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४२ मिली ऑइल. साठीच्या मध्यानंतरची बरीच इंजिनं ५० ला १ वर चालतात, लिटरला २० मिली. जुन्या सीगलना तर १० ला १, लिटरला १०० मिली. शंका असेल तर ऑइल जास्त घाला, धूर होईल पण बेअरिंग वाचेल. आणि बाईकचं टू-टी चालणार नाही, टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलंच घ्या. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते राखविरहित बनवलेलं असतं, बाईकच्या ऑइलची राख पिस्टनवर आणि प्लगवर साठत जाते.

आता टाकी. त्या काळच्या दोन नळ्यांच्या टाक्या इंजिनाच्या हवेच्या दाबावर चालतात, म्हणजे पेट्रोलनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात दाब असतो. टोपणाचं वायसर तडकलं किंवा नळीला भेग पडली तर दाबाखालच्या पेट्रोलची पिचकारी उडते, तीही गरम इंजिनाजवळ. सोलापूरच्या एप्रिल-मे मधल्या ४२-४३ डिग्रीला मला हे अजिबात पटत नाही. पहिल्याच इंजिनाला फ्युएल पंप लावून साध्या एका नळीच्या टाकीवर घ्या, जाणकार माणसाला बसवायला लावा. मूळ रूप जपायची हौस असेल तर जुनी टाकी रंगवून शोभेला ठेवा.

पाणी

खालचा भाग सोडवून पाण्याचा पंप उघडा आणि इंपेलर बदला. चांगला दिसत असला तरी बदला, रबर कडक झालेलं असतं. नवीन बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, शाफ्ट ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं फिरवत आत ढकला म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. जुन्याची पाती मोजा, एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर कुठंतरी आहे, तो सापडेपर्यंत पुढं जायचं नाही.

कोणी आधी बोअरच्या पाण्यात चालवलं असेल तर आपल्याकडच्या पाण्याचा क्षार आतल्या वाटांमध्ये बसलेला असतो. पांढरं व्हिनेगर भरून काही तास ठेवा, मग साध्या पाण्यानं चांगलं धुवा.

चाचणीसाठी ड्रम लागतो आणि चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या गावात ड्रम शोधायला लागत नाही. पण पिण्याच्या-वापरायच्या पाण्याचा ड्रम घेऊ नका, यात ऑइल आणि धूर मिसळतो, तो वास जात नाही. २०० लिटरचा एक जुना ड्रम यासाठीच ठेवा, तेच पाणी परत परत वापरा, वर आलेला तेलाचा थर जुन्या कपड्यानं टिपून घ्या आणि ते पाणी झाडांना किंवा गटारीत सोडू नका. पाण्याची पातळी पंपाच्या बरीच वर पाहिजे. पंखा काढून ठेवा नाहीतर सगळं पाणी अंगणात. आणि हे उघड्या अंगणातच, बंद शेडमध्ये नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो.

नवख्यांना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे पाण्याची धार कुठून येते. आताच्या इंजिनाला बाजूनं बारीक धार येते तशी पन्नाशीतल्या बऱ्याच इंजिनांना नसतेच. मागच्या बाजूला धुराचं छोटं भोक असतं, तिथून धुराबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात, तेच बघायचं. हेडला हात लावा, कोमट असावं, हात ठेवता येत नसेल तर लगेच बंद.

खालचा गिअर

खालचा स्क्रू, मग वरचा स्क्रू काढून जुनं तेल गाळा. दुधाळ चहासारखं निघालं म्हणजे आत पाणी जातंय, सील बदला. नवीन ९० नंबरचं गिअर तेल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. स्क्रूची वायसर दर वेळी नवीन. झालं.

पंख्याची शिअर पिन मात्र सांभाळून. पंखा दगडाला आदळला की ही पिन तुटते आणि गिअर वाचतो, तिचं कामच तुटायचं आहे. तिच्या जागी खिळा किंवा कडक स्टीलचा तुकडा ठोकला तर पुढच्या वेळी गिअर तुटेल. योग्य धातूच्या चार-पाच पिना, एक पक्कड आणि कॉटर पिन कायम होडीत ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

चोक लावलेला (म्हणजे हवेची वाट बंद), न्यूट्रल, थ्रॉटल स्टार्टच्या खुणेवर, सावकाश ओढून ताण आला की मग जोरात. सुरुवातीला भरपूर धूर येतो, आत ओतलेलं तेल जळतंय, काळजी नको. पेटलं की चोक उघडा, मागच्या भोकातून पाणी येतंय का बघा, अर्ध्या मिनिटात दिसलं नाही तर बंद करा. दहा मिनिटं मंद चालवून गार होऊ द्या, परत चालवा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोलची वाफ उलटी उडत असेल तर लीफ व्हॉल्व्ह (बाईकवाले रीड व्हॉल्व्ह म्हणतात ते) बघावे लागतील. एक प्लगची वायर काढली आणि काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर चालतच नाही. नंतर प्लग काढून बघा, फिकट तपकिरी चांगला, काळा ओला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी आणि धोक्याचा.

रंगाचं थोडक्यात, ॲल्युमिनियमवर सरळ रंग टिकत नाही, आधी एच प्रायमर (एचिंगचा, ॲल्युमिनियमला धरून बसणारा). उन्हात मारू नका, पत्रा तापलेला असला की रंग पसरायच्या आत सुकतो, सकाळी लवकर सावलीत मारा.

पाण्यात नेताना

हिप्परग्याचा एकरुख तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथं टू-स्ट्रोक नेऊ नका. उजनीला जायचं तर आधी जलसंपदा विभागाच्या कार्यालयात परवानगीचं विचारा, आणि २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यात इंजिनाच्या होडीला तपासणी-नोंदणी आहे हेही लक्षात ठेवा. हिवाळ्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात, त्यांच्या बाजूला इंजिन घेऊन जायचं नाही, लांबून वळा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या गावांचे अवशेष वर येतात, पळसदेवचं देऊळ तर सगळ्यांनी पाहिलंय. पण जे वर आलं नाही आणि हातभर पाण्याखाली आहे, जुन्या भिंती, झाडांची खोडं, ते पंख्याला लागतं. म्हणून काठाजवळ कायम मंद गतीनं, आणि स्थानिक मच्छीमाराला वाट विचारून.

लाइफ जॅकेट होडीत असून चालत नाही, अंगावर पाहिजे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीतच कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती होडी रोजच्या वाटेवरची होती. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरायला लागलं की कितीही चांगलं चालणारं इंजिन असो, पाण्यात उतरायचं नाही. जुन्या इंजिनाच्या पहिल्या फेऱ्या तर सकाळीच, काठाला धरून, आणि वल्ही सोबत घेऊनच.

परत आल्यावर पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत पाण्यातच चालू ठेवा, आपोआप बंद पडेल. मग इंजिन उभंच ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, फ्लायव्हील हातानं दोन-चार वेळा फिरवा म्हणजे पंपातलं पाणी निघतं. महिनाभर लागणार नसेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला, परत दोन फेरे फिरवा, प्लग लावा आणि खालच्या गिअरचं तेल एकदा थोडं सोडून बघा, पाणी शिरलं असेल तर ते आत्ताच काढायचं, पुढच्या मोसमापर्यंत तसंच ठेवायचं नाही.